क्वीन्सटाउनच्या बाजारातला संडास

प्रिय नातवंडांनो, मित्रा आणि निहार,

गेल्या महिन्यात तुमच्या आईचा मेलबर्नहून फोन आला. मित्राने शाळेत ‘माझी आजी’ या विषयावर भाषण केलं, माझी आजी सिंगापूरमध्ये आर्किटेक्ट होती आणि तिने तिथे एक मोठं वाचनालय बांधलं असं सांगितलं, आणि बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, असं ती कौतुकाने सांगत होती. मित्रा, टाळ्या परत करता येत नाहीत, त्या तू ठेव. पण ते वाचनालय मी बांधलेलं नाही. मी संडास बांधले. वीस वर्षं, एकामागून एक, जवळजवळ फक्त संडास.

यात तुझी काही चूक नाही. ही थाप जुनी आहे. ती माझ्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, इथल्या चोआ चू कांग भागातल्या एका जेवणात सर्वांसमोर जाहीर केली, आणि त्यांना ती पुरवली मी. तुमची आई तेव्हा मेलबर्नला शिकायला गेली होती. बाबांनी त्याच दिवशी तिलाही फोन करून सांगितलं, आणि संडासांच्या जोडीला मी हेही केलं असेल असं तिला वाटलं. पुढे दुरुस्ती करायची राहून गेली. खरं सांगायचं तर मी ती केली नाही, कारण ऐकायला बरं वाटायचं.

इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाच्या संपादिका ‘नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हणून माझ्या मागे होत्याच. म्हटलं, एकाच लिखाणात दोन्ही कामं होतील. तुमची आई वाचून दाखवेल. काही अडलं तर मला फोन करा, पण सकाळी. दुपारी मी झोपते.

माझं ऑफिस अलेक्झांड्रा भागात एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर होतं. आम्ही नऊ माणसं. मोठ्या कंपन्या हॉटेलं आणि बँका बांधायच्या. आमच्याकडे यायचे ते झाकलेले पादचारी रस्ते, सायकली ठेवायच्या शेड, कचऱ्याच्या खोल्या आणि संडास. मालक होते मिस्टर लो. बुटके, गोरे, कायम बाहीची बटणं लावलेले, आणि शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. मुलाखतीत त्यांनी माझं प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “टॉयलेट ड्रॉ करशील?” मी हो म्हटलं. मला वाटलं ही पहिली पायरी असेल. जिनाच तेवढा होता.

आता हसून झालं असेल तर ऐका. संडास हे फार अवघड बांधकाम आहे. घर चुकलं तर एक कुटुंब कुरकुरतं. सार्वजनिक संडास चुकला तर सगळी वस्ती चार वेळा येऊन शिव्या देते. बाहेरून जाणाऱ्याला आतलं काही दिसता कामा नये, पण आत शिरणाऱ्या बाईला आत कोण आहे ते दिसायला हवं. दार लावलं तर हँडलला हात लावावा लागतो, म्हणून दाराऐवजी भिंतीच अशा वळवायच्या की माणूस आत जाईल आणि नजर बाहेर राहील. आरसा अशा जागी नको की त्यात नको ते दिसेल. फरशीला उतार हवा, पण इतकाच की पाणी वाहून जाईल आणि म्हातारीची चप्पल घसरणार नाही. पिशवी अडकवायला हुक हवा. हा हुक सगळे विसरतात. भाजीची पिशवी दातात धरून बसलेल्या बायका मी पाहिलेल्या नाहीत, पण कल्पना मला रोज यायची.

गिऱ्हाइकंही वल्ली असत. एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नासएक ठेले असतात तिथे, फिशबॉल नूडल्स विकणारे एक अंकल टेप घेऊन स्वतः माझा नकाशा तपासायला आले. संडासाचं तोंड त्यांच्या ठेल्याकडे नको होतं. तसं झालं तर धंद्याची बरकत वाहून जाते. मी भिंत दोन फूट सरकवली. त्यांनी मला जन्मभर फुकट नूडल्स देऊ केल्या आणि मी शाकाहारी आहे म्हटल्यावर फार हळहळले. जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, मी जपानी पद्धतीने भिंतीत एक छोटं यंत्र बसवलं. बटण दाबलं की झऱ्याचा आवाज येतो, म्हणजे आपले आवाज बाहेर जात नाहीत. महिन्याभरात तिथल्या ज्येष्ठ नागरिकांची लेखी तक्रार आली, की काम उरकून उठावं तर झऱ्यामुळे पुन्हा बसावं लागतं. यंत्र काढलं.

ही सगळी गंमत मी घरी सांगत असे. तुमचे आजोबा पाहुण्यांसमोर माझी ओळख “आमच्या घरातल्या बैठ्या कामाच्या तज्ज्ञ” अशी करून देत. फक्त एका माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या बाबांना.

त्याचं कारण सांगते. बाबांची आई, म्हणजे तुमची खापरपणजी, नागपूरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड झाडायची आणि रुग्णांची भांडी धुवायची. तिच्या त्या कामावर बाबा मॅट्रिक झाले, पोस्टात लागले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मी चार वर्षांची असताना आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर बाबांनी घराला दोन नियम घातले. मुलं शिकतील, हा एक. आणि या घरातलं कुणी पुन्हा लोकांची घाण काढणार नाही, हा दुसरा. मला त्यांनी मिशनरी बायकांच्या इंग्रजी शाळेत घातलं. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला त्या दिवशी ते पोस्टात प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगून आले.

अशा माणसाला मी काय लिहिणार? की पाच वर्षं शिकून, समुद्र ओलांडून, तुमची मुलगी संडास काढते? मी पत्रात लिहायचे, ‘सध्या एका सार्वजनिक इमारतीवर काम चालू आहे.’ दर पत्रात. बाबा उत्तरात विचारायचे, ‘इमारत किती मजली?’ आणि मी त्या प्रश्नाला उत्तर द्यायला विसरायचे.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं असतील. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या बाजाराचा संडास पाडून नवा बांधायचं काम आमच्याकडे आलं. बाजार ज्यांच्याकडे होता त्या सरकारी विभागाच्या साहेबांना जपानमध्ये पाहिलेले संडास फार आवडले होते. त्यांनी मिस्टर लोंना सांगितलं, तुमचं माणूस पाठवा, पाहून येऊ दे. मिस्टर लोंना विमानात भीती वाटायची. मी गेले.

आठ दिवस मी टोकियो आणि ओसाकामध्ये संडास पाहत हिंडले. लोक देवळं पाहतात, बागा पाहतात. मी हातात टेप, गळ्यात कॅमेरा, आणि पुरुषांच्या बाजूला कुणी नाही ना याची खात्री करून द्यायला सोबत एक गोंधळलेली दुभाषी मुलगी. पण मुलांनो, काय पाहिलं म्हणून सांगू! एका बागेत संडासाचं छप्पर कागद दुमडून ठेवल्यासारखं होतं, आणि छप्पर व भिंत यांच्यामध्ये हातभर फट ठेवून तिथून झाडं दिसत होती. एका स्टेशनात हात धुवायची बेसिनं ओळीत न लावता गोल मांडली होती, विहिरीवर बायका जमतात तशी. एका ठिकाणी संडासाच्या कोपऱ्यात भिंतीला छोटी खुर्ची होती, तान्ह्या बाळाला बसवायला. ती पाहून मला रडू यायचं बाकी होतं, कारण तुमची आई लहान असताना मी तिला कुठे कुठे आणि कशी धरून बसले होते ते मला आठवलं. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बेसिनशेजारी छोट्या बाटलीत एक ताजं फूल. दुभाषी मुलीने सांगितलं, हे सफाई करणाऱ्या बाई स्वतः आणून ठेवतात. मी फुलाचे अकरा फोटो काढले.

परत आले आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं डिझाइन काढलं. मधोमध उघडं आकाश, त्याखाली बांबूचं लहान अंगण, बायकांची बाजू एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे, आणि दोन्हीकडून हात धुताना समोर बांबू. साहेब खूश झाले. मिस्टर लोंनी चित्र मोठं छापून स्वागतकक्षात लावलं आणि माझ्याकडे पाहून चक्क “गुड” म्हणाले. इमारतींच्या एका मासिकाचा माणूस फोटो काढायला येणार असंही ठरलं.

आणि काम ऐन भरात असताना बाबा सिंगापूरला आले. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, खिशात पेन. विमानतळावर पहिलंच वाक्य, “कुंदा, तुझी इमारत पाहायची आहे.”

पुढचा महिनाभर बाबांना कळू न देणं, एवढाच माझा कार्यक्रम होता.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना पक्षी दाखवले, ऑर्किड दाखवली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही जुरोंग ईस्टला MRTतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरलो तर समोर काचेचं मोठं वाचनालय. बाबा थांबले. वाचनालय दिसलं की ते थांबतच.

“हे तुमच्या ऑफिसचं का?”

आता ऐका, मी खोटं बोलले नाही. त्या वाचनालयाच्या एका मजल्यावरचे संडास मी दुरुस्त केले होते. म्हणून मी म्हटलं, “आतलं थोडं आमचं आहे, बाबा.”

“आतलं!” बाबा म्हणाले. “आतलंच तर महत्त्वाचं.” आणि आत जाऊन ते तीन तास वर्तमानपत्रं वाचत बसले. निघताना त्यांनी एका खांबाला हात लावून पाहिला. मी खाली बघत होते.

त्या रविवारी चोआ चू कांगला आमच्या एका मित्रांच्या फ्लॅटमध्ये वंदना आणि जेवण होतं. आठ-दहा कुटुंबं, सगळी इंजिनिअर, संशोधक, एक-दोन बँकेतली. वंदना झाली, पानं वाढली, आणि बाबांनी उभं राहून सांगितलं, “माझ्या आईने हॉस्पिटलात झाडू मारला. तिच्या नातीने या देशात वाचनालय बांधलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्या लोकांना माझा धंदा पक्का ठाऊक होता. यजमानीण वरण वाढता वाढता माझ्या कानाशी म्हणाली, “कुंदाताई, कुठल्या वाचनालयाला एवढे फ्लश?” तुमचे आजोबा ठसका लागल्याचं निमित्त करून बाल्कनीत गेले. मी वरणभात कालवत बसले.

मंगळवारी सकाळी साइटवरच्या सुपरवायझरचा फोन आला.

“मॅडम, लवकर या. आंटी संडासाची भांडी बसवू देत नाहीये.”

आंटी म्हणजे आंटी ह्वा. बाजाराचा जुना संडास ती कित्येक वर्षं धूत होती. काम चालू असेपर्यंत तिला शेजारच्या तात्पुरत्या संडासावर ठेवलं होतं. सत्तरीला टेकलेली, काडीसारखी बारीक, पायात रबरी बूट, गळ्यात पंचा. सुरुवातीला कुठली टाकी तुंबते, कुठे पाणी साचतं, हे सगळं मला तिनेच दाखवलं होतं. तिने काम थांबवलं म्हणजे जावंच लागणार. तुमचे आजोबा कामावर गेलेले, बाबांना एकटं ठेवायचं नाही. बाजारात त्यांना टेबलाशी बसवलं, समोर चहा ठेवला आणि म्हटलं, “पाच मिनिटांत आले. इथून हलू नका.”

आत जाऊन पाहते तो आंटी बायकांच्या बाजूला दोन्ही हात पसरून उभी, आणि तिच्यामागे दोन मिस्त्री सिमेंटचं घमेलं घेऊन खोळंबलेले. उकिडवं बसायची चार भांडी होती, दोन इकडे, दोन तिकडे. नुसती ठेवलेली, अजून पक्की केलेली नाहीत.

“मॅडम! धिस वन, हू ड्रॉ?”

“मी काढलं.”

“यू?” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “यू इंडिया पीपल, यू ऑल्सो स्क्वॉट, नो? हाऊ कॅन ड्रॉ लाइक धिस?”

मला काही कळेना. तेव्हा आंटी बुटांसकट भांड्यावर चढली, दाराकडे तोंड करून खाली बसली आणि बोटाने मागे दाखवलं. “सी? होल इन फ्रंट. बॅक नो होल! एव्हरीडे हू वॉश? यू वॉश, आह?”

त्या क्षणी मला उजेड पडला. जपानमध्ये मी पाहिलेल्या भांड्यांवर माणूस भिंतीकडे तोंड करून, दाराला पाठ देऊन बसतो. भांडं त्याप्रमाणे बसवलेलं असतं. मी तिथली मापं घेतली, तिथल्यासारखंच काढलं आणि विसरून गेले, की आपल्याकडे आणि इथेही सगळं जग दाराकडे तोंड करून बसतं. मी स्वतः लहानपणीची सगळी वर्षं नागपूरच्या चाळीत दाराकडे तोंड करून, कडी नीट लागत नाही म्हणून एक हात दारावर ठेवून बसले होते. आणि आठ दिवसांत ते पुसून आले!

मागून कुणीतरी हसलं. ते हसणं मी पन्नास वर्षं ओळखत होते.

“कुंदा, त्या बाई बरोबर बोलताहेत,” बाबा म्हणाले. “दाराला पाठ करून कोण बसेल?”

चहाचा कप हातात घेऊन ते दारात उभे होते. बाहेर पत्र्याच्या कुंपणावर पाटी होती. त्यावर काम कशाचं चाललंय ते मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली आर्किटेक्ट म्हणून माझं नाव. बाबांनी सगळं आयुष्य पोस्टात पत्ते वाचण्यात घालवलेलं. पाटी वाचल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत. हे मला सुचायला हवं होतं.

मी मिस्त्रींना सांगितलं, चारही भांडी फिरवा. आंटीने “हां” म्हणून हात खाली केले. मग बाबा म्हणाले, “दाखव तर सगळं.”

मी दाखवलं. परीक्षकांसमोर विद्यार्थिनी दाखवते तसं, भराभरा, जास्त बोलून. दाराशिवायचं दार. फरशीचा उतार. हुक. बाळाची खुर्ची. बांबू लावायची जागा आणि वर आकाश. जपानच्या फुलांचंही सांगितलं. बाबा प्रत्येक ठिकाणी थांबून मान हलवत होते. खुर्चीपाशी ते बराच वेळ थांबले. शेवटी म्हणाले, “फार चांगलं आहे. आणि या बाई?”

“त्यांचं काय?”

“त्या बसणार कुठे?”

मी कपाट उघडून दाखवलं. अडीच फूट रुंद. पोछा, बादल्या, साबणाचे डबे.

बाबांनी आंटीकडे वळून आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत विचारलं, “मॅडम, व्हेअर डू यू टेक रेस्ट?”

“रेस्ट?” आंटीने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. कचऱ्याच्या खोलीला लागून रंगाची रिकामी बादली उलटी टाकलेली होती. “देअर. रेन कम, आय गो इनसाइड बिन रूम लाह.”

बाबांनी तिला मान लवून नमस्कार केला. आंटी गोंधळली आणि तिनेही केला.

परत येताना आम्ही डबलडेकर बसमध्ये वर बसलो. बाबांना वर, अगदी पुढे बसायला आवडायचं. दोन थांबे त्यांनी बाहेरच्या पाट्या वाचल्या. मग म्हणाले, “काहून लपवलं?”

रागावले की त्यांची नागपुरी बाहेर यायची.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमचा नियम…”

“नियम मीच केला. मला माहीत आहे.” ते म्हणाले. “आई सतरा वर्षं त्या वॉर्डात होती. दुपारची भाकरी मागच्या पायरीवर उभ्याने खायची. बसली की मुकादम ओरडायचा, बाकं पेशंटसाठी आहेत. मी शाळेतून तिच्यासाठी डबा घेऊन जायचो. तिला बसून जेवताना मी फक्त घरी पाहिलं.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “जपानमध्ये त्या फूल ठेवणाऱ्या बाई कुठे बसत होत्या?”

“मी पाहिलं नाही, बाबा.”

“आठ दिवस होतीस ना?”

मी त्या फुलाचे अकरा फोटो काढले होते हे त्यांना सांगितलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. “वाचनालयाचं आतलं थोडं म्हणजे काय ते आता कळलं,” ते म्हणाले, आणि इतके हसले की मागच्या सीटवरच्या बाईने डोकं वर केलं.

बुधवारी मी मिस्टर लोंसमोर नवा नकाशा ठेवला. संडासांची संख्या नियमाने ठरलेली, तिथून इंचही मिळणार नव्हता. बाळाची खुर्ची मी सोडणार नव्हते. उरला बांबू. अंगण निम्मं कापून मी तिथे एक खोली काढली. सहा फूट बाय पाच, भिंतीला धरून बाकडं, पंखा, किटलीला प्लग, आणि बसल्यावर बांबू दिसेल अशा उंचीवर खिडकी.

मिस्टर लो स्वागतकक्षातल्या चित्राकडे पाहत राहिले. “बांबू तुझा,” ते म्हणाले. “तूच कापतेस?”

“हो.”

“मासिकवाल्यांना काय दाखवू?”

“आंटीला दाखवा.”

त्यांना ते विनोदी वाटलं नाही. साहेब ही खोली मंजूर करणार नाहीत, त्यांनी सांगितलेल्या यादीत ती नाही, तेव्हा नकाशावर ‘स्टोअर’ लिही, असं ते म्हणाले. पेन्सिल माझ्या हातात होती. लिहायला काहीच हरकत नव्हती, आतलं थोडं स्टोअर होतंच. पण तसलं अर्धं खरं त्या महिन्यात मला पुरे झालं होतं. मी लिहिलं, ‘सफाई कामगारांची विश्रांतीची खोली’. मिस्टर लो म्हणाले, नामंजूर झालं तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला देईन. ते उगाच बोलत नसत. दोन रात्री मला झोप नव्हती.

साहेबांनी नकाशा पाहिला, पेन त्या खोलीवर आणून थांबवलं आणि म्हणाले, “खिडकीला जाळी लावा. डास येतील.” आणि सही केली.

मासिकाचा माणूस आला, अंगण पाहिलं, “चित्रात मोठं वाटलं होतं,” म्हणाला आणि एकही फोटो न काढता नूडल्स खाऊन गेला. याचं मला वाईट वाटलं, आजही थोडं वाटतं. ते मोठं अंगण खरोखरच सुंदर होतं. तसं डिझाइन मला पुन्हा सुचलं नाही.

आणि आंटी? तुम्हाला वाटेल ती गहिवरली. ती खोलीत शिरली, बाकड्यावर बसली, उठली, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “टू बिग. एव्हरीबडी कॅन सी मी रेस्टिंग.” दुसऱ्या दिवशी अर्ध्या खिडकीवर तिने कॅलेंडर लटकवलं. पण उरलेल्या अर्ध्यातून ती बांबू बघत बसायची, किटलीशेजारी केळी ठेवायची, आणि तिची ओळखीची भाजीवाली तिथे येऊन तासन्‌तास बसायची, हे मी पाहिलंय. त्यानंतर मी काढलेल्या प्रत्येक संडासात ती खोली होती. काही वेळा मंजूर झाली, काही वेळा नाही.

खिडकीचा फोटो मी बाबांना नागपूरला पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘इमारत आवडली. दार कोणत्या बाजूला उघडते ते कळवावे.’ ते फोटो खिशात घेऊन विहारात जायचे आणि ओळखीच्या-अनोळखी माणसाला सांगायचे, “माझ्या मुलीने सिंगापूरला संडास बांधला.” लोक चपापले की त्यांना फार मजा यायची. तीन वर्षांनी ते गेले. फोटो त्यांच्या पाकिटात होता. आता तो माझ्या निळ्या फाइलमध्ये आहे.

मित्रा, तुझ्या भाषणाचं कळल्यावर गेल्या आठवड्यात मी क्वीन्सटाउनला जाऊन आले. छप्पर बदललंय. नळांना हात लावावा लागत नाही. बांबू काढून तिथे फरशी घातली आहे. उकिडवं बसायचं एकच भांडं उरलंय, दाराकडे तोंड असलेलं. आंटी ह्वा केव्हाच निवृत्त झाली, कुठे आहे ते बाजारात कुणाला सांगता आलं नाही. खोली मात्र आहे. आत दुसऱ्या एक बाई डबा उघडून जेवत होत्या. मी कोण ते सांगितलं नाही, पाय दुखतात म्हटलं. त्या बाजूला सरकल्या. बाकडं तेच आहे.

तुमची,
आजी